पावणेतीनचा फ्यूज

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या पाया पडत नाही.

भुताच्या गोष्टी अमावास्येच्या असतात, रात्री बाराच्या असतात. माझी तशी नाही. माझी भर दुपारची आहे, डोक्यावर ऊन तळपत असतानाची.

तारीख १४ मे १९७९. वार सोमवार. वेळ दुपारी पावणेतीन.

जागा नाशिकच्या बाहेर, आग्रा रोडला, कांदा वाळवण्याचा एक कारखाना. आता तो बंद पडलाय. त्याचं नाव लिहीत नाही. मॅनेजरचंही लिहीत नाही, कारण त्यांची मुलं नाशकातच आहेत आणि त्या पोरांचा यात काही दोष नाही.

माझं नाव मात्र लिहितो. धोंडीराम. मी तिथे वायरमन होतो.

आमचं घर बौद्धांचं. भूत, भगत, अंगात येणं, यातलं काही आमच्यात चालत नाही. बापाने कधी मानलं नाही. मीही मानत नव्हतो.

आता विचाराल तर... आता मला विचारू नका.

कारखान्यात रोज ट्रकने कांदा यायचा. बायका तो सोलायच्या, धुवायच्या. मग एक मशीन त्याच्या चकत्या करायचं आणि त्या चकत्या ड्रायरमध्ये जायच्या. ड्रायर म्हणजे खोलीएवढी भट्टीच. वास तर असा की कपड्यांना, भाकरीला, घरी जाऊन उचललेल्या लेकराच्या केसांनाही तो लागायचा. आठवड्याभरात नाक मरायचं, पण वास जायचा नाही.

ही वासाची गोष्ट लक्षात ठेवा.

फ्यूजचा बोर्ड कुणा शहाण्याने नेमका ड्रायरच्या मागच्या भिंतीवर बसवला होता. फ्यूज म्हणजे काय, तर मुद्दाम ठेवलेली कच्ची तार. लाइनमध्ये दोष आला, करंट वाढला, की ती तापून वितळते आणि माणूस वाचतो. पण तार वितळते उष्णतेने. ती उष्णता करंटचीच आहे की भिंतीची, हे तिला कळत नाही. मेमध्ये ती भिंत हात लावू देत नसे. म्हणजे तार आधीच अर्धी तापलेली. त्यात चकत्यांच्या मशीनची मोटर सुरू होताना पाच-सहापट करंट ओढायची. दर खेपेला तार थोडी थकायची. डिसेंबरात जी तार महिनाभर टिकायची, ती मेमध्ये दुपारी तीन-तीनदा उडायची.

मी मॅनेजरांना म्हटलं, "साहेब, बोर्ड समोरच्या भिंतीला घेऊ. तिकडे सावली आहे. एका दिवसाचं काम."

"ऐन सीझनमध्ये एक दिवस लाइन बंद? शेठला तू सांगतोस का?"

"मग रोज उडणार, साहेब."

"तार डबल कर."

सगळे वायरमन हे करतात. एका पदराने भागत नाही, तर दोन पदर पिळून बांधायचे. मीही बांधले. माझ्याच हाताने. फ्यूज उडायचा थांबला आणि मॅनेजरांनी त्या दिवशी मला चहा पाजला.

चिमणाबाई त्या चकत्यांच्या मशीनवर होती. सुरगाण्याकडची. भात काढून झाला की तिकडची माणसं कामाला खाली उतरतात, तशी ती आली होती. तीस-बत्तीसची असेल. नवरा बारकू जवळच वीटभट्टीवर होता. बाई कामाला चोख, पण तोंडाने फटकळ. मुकादमालाही घाबरायची नाही.

मेच्या सुरुवातीला ती मला म्हणाली, "भाऊ, या मशीनला हात लावला का मुंग्या येतात."

मी म्हटलं, "ओला हात लावत जाऊ नका."

ती हसली. "कांदा धुवायचा तर हात कोरडा कसा राहील, भाऊ?"

चार दिवसांनी पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. मशीनच्या पायाखाली केबल दबली होती, घासून तिचं कातडं गेलं होतं. वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं.

मी वाकलो नाही.

दर सोमवारी ड्रायर बंद ठेवून धुलाई व्हायची. चकत्यांचं मशीन रिकामंच चालू ठेवायचं आणि वरून बादलीने पाणी सोडायचं, म्हणजे पात्यांतली घाण निघते. आमच्याकडची रीतच होती ती.

आता बघा काय झालं. ड्रायर सकाळपासून बंद. भिंत गार. म्हणजे माझी दोन पदरी तारही गार. तापलेल्या भिंतीवर ती दीडपदरीच्या लायकीची होती. गार भिंतीवर ती पुरती दोन पदरी झाली.

पावणेतीनला चिमणाबाईने बादली ओतली आणि मशीनला धरलं...

ती ओरडली नाही. तिला ओरडता आलं नाही.

मशीन खर्र खर्र चालू होतं आणि ती त्याला चिकटून उभी होती. फ्यूज क्षणात उडायला हवा होता.

उडाला नाही.

मी धावत बोर्ड गाठला. फ्यूजची चिनी मातीची पांढरी पकड असते, आम्ही तिला किटकॅट म्हणतो. ती ओढून काढली. मशीन थांबलं. ती खाली पडली.

उशीर झाला होता.

मॅनेजर आले. तिच्याकडे बघितलं नाही, आधी बोर्डाकडे बघितलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सरकारी इन्स्पेक्टर यायच्या आत तार बदल."

मी बदलली.

नुसती बदलली नाही. माझ्या पिशवीत जुनी जळलेली एकपदरी तार होती. तिचे तुकडे स्क्रूंना लावले. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, फ्यूज वेळेवर उडाला होता, सगळं नियमात होतं, बाईच चुकली. इन्स्पेक्टरने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मी तिला दोनदा बजावलं होतं साहेब, ओला हात लावू नको म्हणून."

शब्द खरे होते. एवढं सराईत खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

कागदावर आलं, मयत स्वतःच्या निष्काळजीपणाने मेली. बारकूने अंगठा दिला. शाई पुसत त्याने मला एवढंच विचारलं, "भाऊ, तिचाच हात चुकला का? तिचा हात कधी चुकत नव्हता."

मी मान हलवली. हो, चुकला.

घरी माझ्या बायकोला, भिमाला, मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली. म्हणाली, "तिच्या नवऱ्याला पण खोटंच सांगितलं?"

"नोकरी गेली असती."

तिने पुन्हा भाकरी थापायला घेतली.

पुढच्या सोमवारी सुरू झालं...

मॅनेजरांची केबिन कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. तिची लाइन वेगळी, फ्यूज वेगळा, दाराच्या मागे सावलीतल्या गार भिंतीवर. लोड काय, तर एक पंखा आणि एक बल्ब. तो फ्यूज दहा वर्षं उडायला नको.

दुपारी पावणेतीनला उडाला.

मी किटकॅट काढलं. तार वितळली की टोकाला बारीक गोळी धरते आणि चिनी माती काळवंडते. इथे गोळी नव्हती. काळं नव्हतं.

तार कापलेली होती. सरळ, पात्याने कापावी तशी.

आणि किटकॅट ओलं होतं...

मी नवी तार बांधली. दुसऱ्या दिवशी पावणेतीनला तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी पंखा काढून बघितला, बल्ब काढून बघितला. लोड शून्य. तरी उडाला.

मॅनेजर चिडले. "तुला साधा फ्यूज बांधता येत नाही?"

त्या दिवशी मी पावणेतीनच्या आधीच बोर्डासमोर जाऊन उभा राहिलो. बघू तरी काय होतं ते.

अडीच वाजले. पावणेतीनला दोन मिनिटं कमी...

आणि वास गेला.

कांद्याचा वास. जो कधीच जात नव्हता, तो गेला. माझ्या शर्टाचा गेला. हाताचा गेला. मी तळवा नाकाशी धरून हुंगला. काहीच नाही. स्वच्छ धुतल्यासारखा.

मग लांबून आवाज आला... खर्र... खर्र... खर्र...

चकत्यांचं ते मशीन अपघातानंतर कोपऱ्यात टाकलं होतं. त्याचा पट्टा काढला होता, मोटर उतरवली होती. ते चालणं शक्यच नव्हतं.

आवाज थांबला. माझ्या डोळ्यांसमोर, बंद किटकॅटच्या आत, कट् झालं. पंखा मंदावला.

मी खाली बघितलं. मशीनच्या कोपऱ्यापासून केबिनच्या दारापर्यंत ओली पावलं उमटली होती. जायची होती. परतीची नव्हती.

बेचाळीस डिग्रीच्या उन्हात पत्र्याखालची ती फरशी. पाणी सांडलं तर दोन मिनिटांत सुकायचं. ती पावलं साडेपाचला सुट्टी झाली तरी ओली होती. बायका त्यांना ओलांडून गेल्या. सखुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

पावसाळा आला, गेला. हिवाळा आला. उडणं थांबलं नाही. कडाक्याच्या थंडीत, जेव्हा तारेला उडायला काही म्हणजे काही कारण नसतं, तेव्हाही पावणेतीनला पंखा थांबायचा. मॅनेजरांनी दोन वेळा बाहेरचे वायरमन आणले. त्यांनी हात वर केले.

मी मात्र हाडकलो. ऐंशी सालची बुद्धपौर्णिमा एप्रिलच्या शेवटी आली. विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होतो. चौथं शील आलं. मुसावादा... म्हणजे खोटं बोलणार नाही. तिथे माझा आवाज बसला. शेजारी भिमा म्हणत राहिली, मी नुसते ओठ हलवत राहिलो. मला स्वतःची किळस आली. खरंच आली.

बाहेर आल्यावर भिमा म्हणाली, "ती काय मागतेय, ते तुम्हाला कळत नाही असं नाही."

"काय मागतेय?"

"तुमचं तोंड."

साहेब जिवंत असेपर्यंत मी तोंड उघडणार नव्हतो, हेच खरं.

मेमध्ये मॅनेजरांनी केबिनमध्ये कूलर आणला. लोखंडी पत्र्याचा, खाली पाण्याची टाकी. पावणेतीनला तो बंद पडायचा आणि साहेब घामाने निथळत मला शिव्या घालायचे.

१२ मे, १९८०. सोमवार. तारीख ती नव्हती, पण वार तोच होता.

"तार डबल कर," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. डबल करणार नाही."

"काय म्हणालास?"

"कूलर आहे साहेब, पाणी आहे. तुम्हाला आठवत नाही का..."

"मला सगळं आठवतं. आण इकडे." त्यांनी माझ्या खिशातलं तारेचं भेंडोळं ओढून घेतलं आणि स्वतःच्या हाताने तीन पदर पिळले. तीन! मी बघत होतो. किटकॅट त्यांनीच बसवलं. हात झटकले. "बघू आता कशी उडते."

मी दाराबाहेर उभा राहिलो. घड्याळ बघितलं.

दोन चव्वेचाळीस.

वास गेला...

या वेळी आवाज लांबून आला नाही. खर्र... खर्र... माझ्या आणि साहेबांच्या मधून आला. माझ्या अंगावरून गार वारा केबिनमध्ये शिरला.

मी ओरडलो, "साहेब, कूलरला हात लावू नका!"

त्यांनी बादलीतलं पाणी टाकीत ओतलं होतं. एक हात कूलरच्या कडेवर होता.

फ्यूज उडायला हवा होता. वर्षभर रोज उडाला होता, विनाकारण उडाला होता. त्या दिवशी एकदाच कारण होतं.

उडाला नाही.

मी आत धावलो, किटकॅट धरून ओढलं. निघेना. दोन्ही हातांनी ओढलं. बोर्डाला पाय लावून ओढलं. देवाशपथ नाही म्हणत, आमच्यात तशी शपथ नसते. माझ्या लेकरांची शपथ घेऊन सांगतो, ते अडकलेलं नव्हतं.

ते पलीकडून कुणीतरी धरलं होतं.

मी जितकं ओढत होतो, तितकंच कुणीतरी शांतपणे धरून होतं. चिनी माती बर्फासारखी गार होती. मागे साहेबांच्या टाचा फरशीवर खटखट वाजत होत्या.

मग टाचा थांबल्या. आणि ते अलगद माझ्या हातात आलं.

मी तार बघितली. तीन पदर नव्हते. एकच पदर होता. नियमाप्रमाणे असावा तेवढाच. कोरा, चकचकीत, कुठे साधा डागही नाही. एवढ्या करंटला ती तार उडालीच पाहिजे होती. मी आज इतकी वर्षं याच धंद्यात आहे. अशी तार पुन्हा कधी बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. नवा होता, तरुण. त्याने किटकॅट बघितलं, एकपदरी तार बघितली. "तार बरोबर आहे," म्हणाला. कूलरची वायर आत कापली गेली होती, तेवढं लिहून घेतलं. माझ्या अंगावर काहीच येत नव्हतं. या वेळी खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती.

त्याने वही मिटत सहज विचारलं, "अजून काही सांगायचंय?"

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

आणि वास गेला.

कारखान्याच्या त्या लहानशा ऑफिसात इन्स्पेक्टर, मी आणि टेबल. बाहेर ट्रकमधून कांद्याच्या गोण्या उतरत होत्या. आत वास नव्हता. माझ्या खुर्चीच्या मागे पाणी ठिबकत होतं... टप... टप...

मी मागे वळलो नाही. सगळं सांगितलं. ड्रायरची भिंत, दोन पदर, मुंग्या येतात म्हणून दोनदा केलेली तक्रार, जळक्या तारेचे तुकडे. इन्स्पेक्टर आधी बघत राहिला, मग लिहू लागला. त्याने चार पानं लिहिली. मी खाली सही केली. चिमणाबाईचा हात चुकला नव्हता, असं त्यात शब्दांत लिहून घ्यायला लावलं.

सही झाली आणि कांद्याचा वास भसकन परत आला. मी तिथेच ढसाढसा रडलो.

नोकरी गेली. जायलाच हवी होती. पण एक काम राहिलं होतं.

महिनाअखेरीला मी सुरगाण्याला गेलो. तिथून जीपने, मग दोन तास पायी. बारकूचा पाडा डोंगराच्या कुशीत. तिथे विजेचा खांब नव्हता, तार नव्हती. खोटं का सांगू, ते बघून मला हायसं वाटलं. म्हटलं, इथे ती माझं काय करणार?

बारकू अंगणात विळ्याला धार लावत बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचा हात चुकला नव्हता, माझा चुकला, आणि मग मी खोटं बोललो. रोज उडणारा फ्यूज सांगितला. पावलं सांगितली. साहेब सांगितले.

मला वाटलं, तो विळा उचलेल. त्याने उचलला नाही.

"वरीस झालं, मी दाराला कडी नाय घातली," तो म्हणाला. "म्हटलं, एखाद बार येईल. नाय आली. तुमच्याकडं मातर रोज येत व्हती."

"कशी दिसत व्हती?"

"दिसली नाही कधी. नुसती यायची."

"रागात व्हती?"

"हो."

"मग आता गेला का राग?"

"मी सगळं खरं लिहून दिलंय, बारकूभाऊ. सही केली. त्यानंतर काही झालेलं नाही."

त्याने मान हलवली. घरातून तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यालो. मग तो माझ्या शेजारी बसला आणि हळू आवाजात, समजावून सांगावं तसं बोलला.

"चिमणा राग लवकर सोडायची नाय, भाऊ. लगीन नवं व्हतं तव्हा मी एकदा बाजारातून तिची फणी आणायला इसरलो. दोन वर्सं बोलली नाय माझ्याशी. एका घरात ऱ्हाऊन. मला वाटायचं, इसरली आसंल, हसतेय तर खरी. अन् एक दिवस सकाळी भरलेली घागर माझ्या डोक्यात घातली."

त्याने केस बाजूला करून खूण दाखवली. चांगली बोटभर लांब.

"अन् ती नुसती फणी व्हती," तो म्हणाला.

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. जीप मिळाली.

त्याला आता नऊ वर्षं झाली. माझ्या बाबतीत काहीही घडलेलं नाही. अजून तरी नाही...